काजं-बटणं राहिलीत

खोटं बोलण्यातही दर्जे असतात, आणि टाचणीच्या मते त्यातलं सर्वांत उंची खोटं म्हणजे ‘फक्त काजं-बटणं राहिलीत’. ते ऐकून गिऱ्हाईक चिडत नाही, उलट सुखावतं. आपला कोट त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. बाह्या जोडल्यात, अस्तर लागलंय, कॉलर ताठ आहे, आता चार बटणं लावली की झालं. बिचारं हसत घरी जातं. आणि कोट? कोट म्हणून जे काही असतं ते मागच्या फळीवर, दुकानात आलं त्याच दिवशीच्या घडीत, अंगावर खडूची एक रेघही नसताना निवांत पडलेलं असतं.

टाचणी सोळा वर्षांची होती. खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं, पण बारीक अंगकाठी, टोकदार जीभ आणि कुणालाही कधीही टोचायची तयारी, यामुळे घरीदारी ती टाचणीच. घरचं शिवणकामाचं दुकान होतं. आई कापड बेतायची, बाबा मशीनवर बसायचे, आणि काजकाका, म्हणजे आजोबांच्या वेळेपासूनचे म्हातारे कारागीर, खिडकीपाशी उजेडात बसून हाताने काजं करायचे. काउंटरची जागा मात्र या वर्षापासून टाचणीची होती. ती तिने मागितली नव्हती, कमावली होती. बाबा खोटं बोलताना उजवा कान खाजवायचे, आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते पाठ झालं होतं. टाचणी कान खाजवत नसे. ती सरळ डोळ्यांत बघून, भुवई जराशी वर करून, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय अशा थाटात ‘शनिवारी या’ म्हणायची.

तिच्या सगळ्यांत आवडत्या गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथपाल बाई. आवडत्या अशासाठी, की त्यांच्यावर हात साफ करायला काहीच कष्ट पडत नसत. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, आवाज असा, जणू शेजारी कुणी वाचत बसलंय. दीड महिन्यापूर्वी त्यांनी राखाडी लोकरीचं कापड आणलं होतं. चौतीस वर्षांची नोकरी संपत होती, निरोप समारंभ होता, त्या दिवशी घालायला नवा कोट. तेव्हापासून पाच खेपा झाल्या. दर खेपेला ‘काजं-बटणं’ ऐकून बाई म्हणायच्या, “बरं, मग येते,” आणि खरोखर यायच्या. त्यांना बघून टाचणीला वाटायचं, इतकी वर्षं इतकी पुस्तकं हाताखालून गेली आणि या बाईंना साधी थाप ओळखता येऊ नये? मग वाचून उपयोग काय?

तर अशा या दुकानात आईची गाठ आली.

आईला ती आंघोळ करताना लागली. छातीत, डाव्या बाजूला, सुपारीएवढी. आठवडाभर ती कुणाला बोलली नाही, मग बोलली, मग डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी जाड सुईने गाठीतला तुकडा काढला आणि गाठ साधी की वाईट हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं सांगितलं. तपासणारी लॅब त्याच इमारतीत तळमजल्यावर होती. खिडकीतल्या बाईंनी पावती दिली आणि सांगितलं, शुक्रवारी चार वाजता रिपोर्ट न्यायचा आणि वर डॉक्टरांना दाखवायचा. आईने अर्जावर फोन नंबर लिहिला तो दुकानाचा. वीस वर्षं तोच लिहून हाताला सवय झाली होती.

घरी आल्यावर बाबांनी पावती उजेडात धरून पाहिली. दुसऱ्या शिंप्याची शिलाई तपासावी तशी.

“शुक्रवार म्हणाली?”

“चार वाजता,” आई म्हणाली.

“चार वाजता!” बाबा हसले. “वेळसुद्धा सांगितली. म्हणजे अजून हातही लावलेला नसणार.”

टाचणीला हे तत्काळ पटलं. न पटून जातंय कुठे, तिचं शिक्षणच त्या शाळेतलं. वेळ नेमकी सांगावी ती काम मुळीच सुरू नसताना. ज्याचं काम खरंच चालू असतं तो ‘बघू, होईल’ म्हणतो. तिने आईची उलटतपासणी घेतली. त्या बाई हसल्या का? नाही. कुठे बघत होत्या? कागदाकडे. तू काय म्हणालीस? आई म्हणाली, मी विचारलं, जरा लवकर नाही का होणार.

“संपलं,” टाचणी म्हणाली. “मऊ गिऱ्हाईक. सगळ्यांत खाली गेला तुझा तुकडा.”

मग बापलेकीने मिळून हिशेब मांडला. दुकानाच्या कायद्याने सांगितलेल्या तारखेत चार दिवस मिळवायचे, गिऱ्हाईक मऊ असेल तर वर एक. म्हणजे शुक्रवारचा झाला बुधवार. पण लॅब मोठी, माणसं जास्त, म्हणून सवलत देऊन सोमवार. शुक्रवारी तिथे तोंड दाखवून स्वतःचं हसं करून घ्यायचं नाही, असं ठरलं. फोन करूनही विचारायचं नाही, कारण फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार किती मानतो हे या दोघांना चांगलं ठाऊक होतं. आणि लॅबवाले आपणहून फोन करतील हा तर विचारही कुणाच्या डोक्यात आला नाही. आपण कधी केलाय का कुणाला?

“सोमवार बरा,” आई म्हणाली. जरा पटकनच म्हणाली, पण तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही.

पुढचे दिवस टाचणीने जे पाहिलं त्यावरून मोठ्या माणसांबद्दल तिचं जे काही थोडंफार मत उरलं होतं तेही उतरलं. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने तक्ता आखला. वर लिहिलं, ‘धीर. दहापैकी गुण.’

बाबांना दोन. ते दुकानातले बटणांचे सगळे डबे जमिनीवर ओतून बसले. आकाराप्रमाणे लावले, मग त्यांना वाटलं रंगाप्रमाणे बरं, म्हणून पुन्हा ओतले. मग दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. गिऱ्हाईक दारात उभं आणि मालक गुडघ्यांवर, हातात एकच हिरवं बटण धरून, हे कुठल्या घराण्यातलं असेल याचा विचार करतोय. आईने विचारलं, काय करताय, तर म्हणाले, कधीची साफसफाई करायची होती. हे बोलताना कान खाजवला.

आत्याला शून्य, आणि पुढे कंसात ‘परीक्षेस बसण्यास अपात्र’. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, जिला दुसऱ्याच्या संकटाचा वास दोन गल्ल्यांवरून येतो. तिने कुठल्याशा शिबिरात श्वास घ्यायला शिकून घेतलं होतं. साठ वर्षं ती श्वासाशिवायच जगली असावी, इतका तिला त्याचा नवा शोध लागला होता. रोज दुपारी यायची, दुकानातल्या स्टुलावर पाठ ताठ करून बसायची आणि आईला समोर बसवायची. “वहिनी, चार मोजत आत. चार मोजत धरून ठेवा. चार मोजत बाहेर. चिंता बाहेर गेली बघा.” आई बिचारी करायची. मशीनवरचे बाबाही चोरून करायचे, कारण चाराच्या ठोक्यावर त्यांचं पायडल थांबायचं. टाचणीला बोलावलं तेव्हा तिने सांगितलं, मला श्वास येतो, लहानपणीच शिकवला होता. आत्याने दुखावल्यासारखा चेहरा केला आणि तो चार आकडे मोजून सोडला.

काजकाकांना सात. ते काहीच बोलले नाहीत, दिवसाला त्यांची ठरलेली काजं करत राहिले. तीन गुण कापले ते मात्र जाता-येता आईकडे बघून सुस्कारा टाकण्याबद्दल.

स्वतःला टाचणीने अर्थातच दहा दिले. ती रडली नाही, तिने बटणं मोजली नाहीत, श्वास धरला नाही. शाळेत गेली, आली, काउंटरवर उभी राहिली, आणि सगळ्यांची मनातल्या मनात खेचली. आता याच आठवड्यात तिने भूगोलाच्या पेपरात इतिहासाची उत्तरं लिहिली आणि एका माणसाला त्याच्याऐवजी त्याच्या भावाची पँट बांधून दिली, ही गोष्ट निराळी. त्याचा तक्त्याशी काही संबंध नव्हता.

आईच्या नावापुढे तिने काही लिहिलं नाही. तशी आई ठीक दिसत होती. पण बुधवारी टाचणीने पाहिलं, आईने फळीवरून ग्रंथपाल बाईंचं राखाडी कापड काढलं, बेतायच्या टेबलावर अंथरलं, हाताने सुरकुत्या काढल्या, टेपने मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. जी बाई माणूस दारातून आत येताना नुसत्या नजरेने छाती-कंबर सांगायची, ती ओळखीचं कापड तीनदा मोजत होती. कात्री उचलली, धरून ठेवली, आणि खाली ठेवून कापडाची घडी केली.

“काय झालं?” टाचणीने विचारलं.

“एकदा कापलं की परत जोडता येत नाही,” आई म्हणाली, आणि कापड फळीवर ठेवून आली.

टाचणीने पेन उचललं, त्या रकान्यावर टेकवलं, आणि वही मिटली.

गुरुवारी ग्रंथपाल बाई आल्या. सहावी खेप की सातवी, टाचणीने मोजणं सोडलं होतं. बाई म्हणाल्या, उद्या संध्याकाळी समारंभ आहे, आज मिळाला तर फार बरं होईल. टाचणीने भुवई वर केली. काजं-बटणं राहिलीत, म्हणाली, आमचे काका म्हातारे, हाताने करतात, घाईत काज बिघडलं तर कोट वाया. खिडकीतून काजकाकांनी मान वर केली. ते एका मुलाच्या शाळेच्या सदऱ्यावर काम करत होते. बाई त्यांच्याकडे बघून आदराने हसल्या. “नाही नाही, घाई नको. त्यांना सावकाश करू दे.” आणि गेल्या. टाचणीला इतका राग आला, की काय सांगावं. आपण एवढी सरळ थाप मारतोय आणि समोरची बाई वर म्हाताऱ्याचीच काळजी करतेय! अशा माणसांमुळेच दुकानं बिघडतात.

शुक्रवारी शाळा लवकर सुटली. साडेतीनला आत्या हजर. आज तिने श्वासाबरोबर डोळे मिटायचंही आणलं होतं. तिघं मोठी माणसं दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेली, आणि दारावर पाटी ‘उघडे आहे’. टाचणी काउंटरवर पिनांच्या उशीत टाचण्या खोचत उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले तेव्हा तिच्या अंगठ्यात टाचणी शिरली. तिने अंगठा तोंडात घातला आणि मनात म्हटलं, चार वाजता म्हणे. आता ती खिडकीतली बाई लोकांना ‘सोमवारी या’ सांगत असेल. सांगू दे. आपण काही त्या रांगेतले मूर्ख नाही.

शनिवारी सकाळी दुकानाचा फोन वाजू लागला. त्या फोनचाही कायदा होता. शुक्रवार-शनिवार म्हणजे सांगितलेल्या तारखांचे दिवस, तेव्हा अनोळखी नंबर घ्यायचा नाही. फोनची जागा मोठ्या बटणांच्या डब्यात होती, तिथे तो वाजला तरी दूर कुणाचं पोट गुरगुरल्यासारखा येई. टाचणीने झाकण उघडून पाहिलं, अनोळखी नंबर, कट केला. तासाभराने पुन्हा. कट. दुपारी पुन्हा.

“कोण आहे?” आईने विचारलं.

“मुलाखतवाला असणार कुणीतरी,” टाचणी म्हणाली. “तीनदा फोन म्हणजे सोमवारी नोकरी आणि अंगात सूट नाही.” आणि झाकण घट्ट लावलं.

सोमवारी आईबरोबर कोण जाणार हा प्रश्न आला तेव्हा बाबांनी जाहीर केलं, की त्यांना आज पाच पँटी द्यायच्या आहेत, वेळेवर. वेळेवर! हा शब्द त्या दुकानात पहिल्यांदा उच्चारला गेला असावा. काजकाकांच्या हातातली सुई थांबली. बाबांचा हात कानाकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्यातून परत बोलावला. टाचणीने मनातल्या मनात त्यांचे उरलेले दोन गुणही काढून घेतले आणि आईची पिशवी उचलली.

वाटेत तिने भाषण तयार केलं. खिडकीतल्या बाईंना आज कळणार होतं, की समोरचं गिऱ्हाईक घरचंच आहे, थापा कशा शिजतात हे याला ठाऊक आहे. लॅबमध्ये सहाजण बाकावर बसले होते, सगळ्यांचे चेहरे एकाच पेटीतून काढल्यासारखे. टाचणी सरळ खिडकीशी गेली, पावती सरकवली आणि सुरू झाली. माणसं इथे टांगणीला लागलेली असतात, तुम्ही आरामात तारखा वाटता, दिलेला दिवस पाळायचा नसेल तर द्यावा कशाला, तुमच्याकडे काय अडलंय ते तरी सांगा, यंत्र बंद आहे, सही राहिलीय, की आणखी काही.

खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खालचा खण उघडला, एक पांढरा लिफाफा काढला आणि पावतीशेजारी ठेवला. लिफाफ्यावर छापलेलं होतं, तयार: शुक्रवार, तीन वाजून चाळीस मिनिटे.

“शुक्रवारपासून इथेच आहे,” त्या म्हणाल्या. “कुणी न्यायलाच आलं नाही. शनिवारी मी तीनदा फोन केला. तीनही वेळा कट केला कुणीतरी.”

टाचणीचे दोन्ही कान एकदम तापले. आणि मग ते डोक्यात शिरलं, तीनदा फोन. साध्या गोष्टीसाठी कोण कुणाला तीनदा फोन करतं? तिने विचारायला तोंड उघडलं, पण आवाज आला तो आईचा.

“फोन का केलात? काही वाईट आहे का?”

“आम्ही उघडून बघत नाही, बाई. ते वर डॉक्टर सांगतील.” खिडकीतल्या बाई पहिल्यांदाच कागदावरून नजर काढून बोलल्या. “लोक इथे चारच्या आधीपासून रांग लावून उभे असतात. तुम्हीच आला नाहीत. मला वाटलं, तुम्हालाच काही झालं की काय. म्हणून केला.”

टाचणीने पावती उचलून पिशवीत टाकली.

डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. आईने लिफाफा उघडला नाही, दोन हातांनी समोर धरला, जणू आत पाणी आहे आणि सांडेल. टाचणी तिच्या मागून पायऱ्या चढत होती. पहिल्या वळणावर तिच्या लक्षात आलं, की आपण चार पायऱ्या श्वास आत घेतोय, चार पायऱ्या धरून ठेवतोय आणि चार पायऱ्या बाहेर सोडतोय. केव्हापासून चाललं होतं कोण जाणे. ती संतापली, थांबायचा प्रयत्न केला, आणि थांबता येईना. निदान आत्याला हे मरेपर्यंत कळता कामा नये, एवढं तिने त्या बाहेरच्या चारात ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी कागद काढला. वाचायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात टाचणीने त्यांच्या सदऱ्याची काजं पाहिली. मशीनची, कडेला धागे सुटलेली, एकदम हलकं काम. ती सगळी काजं तिने वरून खाली पाहिली, मग खालून वर.

“साधी गाठ आहे,” डॉक्टर म्हणाले. “वाईट काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा दाखवून जा.”

आई म्हणाली, “सहा महिने म्हणजे सहाच ना?”

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. हो, सहाच, म्हणाले, आणि तारीख लिहून दिली.

खाली उतरताना आई मधल्या वळणावर पायरीवर बसली. येणारीजाणारी माणसं कडेने जात होती. टाचणी तिच्याशेजारी बसली. आई रडली नाही, नुसती कागदाच्या घड्या पाडत राहिली, कापडाच्या पाडावी तशा, कडेला कड जुळवून.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“साधी आहे ते?”

“छे गं. ते कसं माहीत असणार? शुक्रवारी तयार असेल ते. असतात माणसं, सांगतात त्या दिवशी देणारी. सगळं जग काही आपलं दुकान नाही.” तिने घडी उलगडली. “पण तुझे बाबा बोलले ते ऐकून इतकं बरं वाटलं मला. तीन दिवस आणखी मिळाले, असं वाटलं. कसले मिळाले! शनिवार-रविवार मी एकटीने मनात काय काय बघितलं ते मलाच माहीत. आणि हा कागद खणात पडून होता.”

“फोन मी कट केला,” टाचणी म्हणाली.

“ठाऊक आहे. आणि शुक्रवारी चार वाजता घड्याळाकडे बघून अंगठा कुणी टोचून घेतला, तेही ठाऊक आहे. मी एक डोळा उघडा ठेवला होता. तुझ्या आत्याच्या नादाने दोन्ही कोण मिटणार?”

दुकानात शिरल्या तेव्हा बाबा मशीनवर होते आणि मशीन पळत होती. पँटीच्या पायाची शिलाई कंबरेपासून खालपर्यंत झरझर चालली होती, फक्त सुईत दोरा नव्हता. कापडावर नुसत्या भोकांची रांग. बाबांना ते दिसत नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं.

“साधी आहे,” आई म्हणाली. “आणि रिपोर्ट शुक्रवारी पावणेचारलाच तयार होता.”

बाबांचे पाय पायडलवरून सुटले. मग ते म्हणाले, “मी म्हटलंच होतं, काही नसणार,” आणि उजवा कान असा खाजवला, असा खाजवला, की लाल झाला. काजकाकांनी मात्र सुई कापडात खोचून ठेवली, चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत बसले. टाचणीने ते पाहिलं आणि त्यांचे कापलेले तीन गुण परत देऊन टाकले.

संध्याकाळी दार वाजलं आणि ग्रंथपाल बाई आत आल्या. तोच चष्मा, तीच पिशवी. सावकाश काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. टाचणीची भुवई सवयीने वर गेली, तोंड उघडलं, आणि ‘का’ एवढंच बाहेर पडलं. तिला खण दिसला. खिडकीतल्या बाईंचा खालचा खण, आणि त्यात तीन दिवस पडलेला पांढरा लिफाफा.

“तुमचा कोट अजून कापलेलाच नाही,” ती म्हणाली. “कधीच कापला नव्हता.”

मशीन थांबली. बाबांनी असा चेहरा केला, जणू पोरगी काउंटरवर कपडे उतरवायला लागलीय.

ग्रंथपाल बाईंनी चष्मा वर सरकवला. “हो, मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या खेपेलाच. फळीवर कापड दिसतं की इथून. राखाडी ते एकटंच आहे.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? तू इतकं छान सांगायचीस.” बाईंच्या आवाजात राग नव्हता, तोच वाचनालयाचा आवाज. “मला वाटायचं, तेवढं बोलते आहे म्हणजे उद्या तरी करतील. चार दिवस बरे जायचे. समारंभ झाला शुक्रवारी. जुनाच घालून गेले. कोपरावर विरलाय, पण भाषणाच्या वेळी मी हात खाली ठेवले.”

चौतीस वर्षं पुस्तकांत घालवलेल्या त्या बाईने साधी थाप ओळखली नाही, असं इतके दिवस मानून बसलेल्या टाचणीला आता कुठे बघावं कळेना. वहीतला शेवटच्या पानावरचा तक्ता तिला आठवला आणि त्यातलं एकच नाव, दहापैकी दहा.

आईने तेवढ्यात फळीवरून राखाडी कापड काढलं. टेबलावर टाकलं, एकदाच हात फिरवला, खडूने खांद्याची रेघ ओढली, आणि बाईंच्या देखत कात्री चालवली. करकर आवाज दुकानभर झाला. पाठीचा तुकडा बाजूला पडला.

“गुरुवारी,” आई न थांबता म्हणाली. “चार वाजता. या आणि घेऊन जा.”

“नक्की या,” टाचणी म्हणाली. “खरंच सांगतेय. नाही आलात तर मी फोन करीन. तीनदा करीन.”

“बरं, मग येते,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. पिशवीतून छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण दातांत धरून पान शोधलं आणि कोट न्यायचा दिवस लिहून घेतला. काउंटरच्या या बाजूने टाचणीला अक्षरं उलटी दिसत होती, पण वाचता आली. बाईंनी लिहिलं होतं, पुढचा मंगळवार.